ख्रिस्ती कुटुंब आणि सिनेमा: पालकांचे नेहमीचे प्रश्न

सिनेमा, मालिका, कार्टून आणि मोबाइलवरचे छोटे व्हिडिओ यांबद्दल आईवडील, तरुण मुले आणि कधी कधी आजी-आजोबाही जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. काय पाहावे आणि काय पाहू नये याची यादी मात्र इथे मिळणार नाही. यादीची मागणी दर वेळी होते. पण यादी शिळी व्हायला वेळ लागत नाही, आणि तिच्यात नसलेले काही समोर आले की पालक पुन्हा होते तिथेच. शिवाय नुसत्या यादीवर वाढलेले मूल घराबाहेर पडले की त्याच्या हाती काहीच उरत नाही.

ख्रिस्ती माणसाने सिनेमा पाहावा की नाही? एकदाचे स्पष्ट सांगा.

पाहू शकता. पाहिलाच पाहिजे असे नाही.

हा वाद सिनेमापेक्षा फार जुना आहे. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या तर्तुल्यन या ख्रिस्ती लेखकाने नाटके, रथांच्या शर्यती आणि ग्लॅडिएटरांच्या झुंजी यांच्याविरुद्ध एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. आज तो फार कडक वाटतो. पण त्या काळचे खेळ मूर्तिपूजेच्या विधींना बांधलेले होते आणि रिंगणात माणसे खरोखर मरत होती, हे लक्षात घेतले की त्याचा संताप समजतो.

दुसरीकडे पौलाकडे पाहा. अथेन्समधल्या मूर्ती पाहून त्याचा जीव जळत होता. तरीही तिथल्या अरियपग या सभेच्या टेकडीवर बोलताना 'आपण त्याचे वंशज आहोत' या अर्थाची ओळ त्याने घेतली ती अरातस या ग्रीक कवीची, आणि मुळात ती ओळ होती झ्यूस या ग्रीक देवाविषयी (प्रेषितांची कृत्ये १७). कुसंगतीने नीती बिघडते असे करिंथकरांना बजावतानाही (१ करिंथ १५:३३) त्याने जी ओळ वापरली, ती विनोदी नाटके लिहिणाऱ्या मेनांद्राची मानली जाते. भोवतालच्या लोकांचे साहित्य त्याला ठाऊक होते, आणि त्यातले काय उचलायचे हेही.

मला स्वतःला दानीएलाचा पहिला अध्याय सर्वांत उपयोगी वाटतो. बाबेलची भाषा आणि ग्रंथ तो मन लावून शिकला. त्याच अध्यायात राजाच्या ताटातले अन्न मात्र त्याने नाकारले. एकच माणूस, एकच दरबार, पण कुठे हो म्हणायचे आणि कुठे नाही हे त्याने आधीच मनाशी ठरवले होते. सिनेमा घरात मुळीच नको असे ठरवणारी कुटुंबेही आहेत. तो निर्णय प्रार्थनापूर्वक घेतलेला असेल तर त्यांना मागासलेले म्हणण्याचे कारण नाही.

फिलिप्पै ४:८ प्रमाणे जे शुद्ध आणि प्रशंसनीय तेच मनात घ्यायचे ना? मग खून, व्यभिचार असलेली कथा कशी चालेल?

या विषयावरच्या चर्चेत हे वचन हटकून निघते आणि बहुतेक वेळा अर्धेच वापरले जाते. पौलाच्या यादीत शुद्ध आणि प्रशंसनीय यांच्याही आधी 'जे सत्य' ते येते. जगात पाप नाही, दुःख नाही, प्रत्येक गोष्ट दोन तासांत गोड होते, असे दाखवणारी कथा स्वच्छ असेल, पण खरी नसते.

आणि पवित्र शास्त्राचे काय करायचे? शास्तेच्या १९ व्या अध्यायातला अत्याचार, अम्नोन आणि तामार, दावीद आणि बथशेबा हे सगळे त्यात आहे. फरक आहे तो सांगण्याच्या पद्धतीत. २ शमुवेलचा ११ वा अध्याय या नजरेने एकदा वाचून पाहा. बथशेबाचे स्नान एका वाक्यात उरकले आहे. लेखक रेंगाळतो तो तिचा नवरा उरिया याच्यापाशी: त्याची निष्ठा, घरी न जाता राजवाड्याच्या दाराशी झोपणे, स्वतःच्या मरणाचे पत्र स्वतःच घेऊन जाणे. आणि दावीदाने केले ते परमेश्वराला वाईट दिसले, या वाक्यावर अध्याय संपतो. आजच्या बहुतेक दिग्दर्शकांच्या हाती ही कथा दिली तर हे प्रमाण उलटेल: स्नानाला दहा मिनिटे, उरियाला दोन.

म्हणून 'या सिनेमात पाप आहे का' एवढ्यावर थांबू नका. तो पापाकडे कसा पाहतो, कुठे रेंगाळतो, कुणाच्या बाजूने आपल्याला रडवतो आणि पापाची किंमत कुणाला मोजायला लावतो, हे पाहा. खुनाची कथा मनात न्यायाची ओढ जागवू शकते. एक शिवी नसलेला विनोदी सिनेमा खोटे बोलणाऱ्यालाच हुशार आणि आईवडिलांना मूर्ख ठरवून मोकळा होतो, आणि आपण 'घरच्यांबरोबर बघण्यासारखा आहे' म्हणून त्याला पावती देतो.

नुसते मोजून सिनेमा शुद्ध करता येत नाही, याचा एक इतिहासही आहे. अमेरिकेत १९३० साली चित्रपटांसाठी एक आचारसंहिता तयार झाली. तिच्या मसुद्यात डॅनिएल लॉर्ड या जेझुइट धर्मगुरूचा मोठा वाटा होता, आणि १९३४ पासून ती कडकपणे लागू झाली. चुंबन कसे असावे, गुन्हेगाराविषयी सहानुभूती वाटू नये, धर्मगुरूंची टिंगल होऊ नये, असे सगळे तिच्यात होते. गोऱ्या आणि काळ्या माणसांमधले प्रेमसंबंध दाखवायलाही तिच्यात मनाई होती. नीतीच्या नावाखाली वंशद्वेष नियमात जाऊन बसला आणि कित्येक सज्जन प्रेक्षकांना त्यात काही खटकले नाही.

शिव्या, हाणामारी आणि अंगप्रदर्शन यांना एकच माप लावायचे का?

नाही. पडद्यावरचा खून खोटा असतो. नट संध्याकाळी घरी जेवायला जातो. नग्नतेचे तसे नाही. ते शरीर खरेच त्या व्यक्तीचे असते, तिला खरेच कॅमेऱ्यासमोर उभे केलेले असते, आणि प्रेक्षकाच्या मनात उठणारी वासनाही अभिनयातली नसते. मत्तय ५:२८ मधले प्रभूचे शब्द पाहण्याविषयीच आहेत. म्हणून या बाबतीत मी मोठ्यांसाठीही रेषा बरीच अलीकडे ओढतो, आणि 'कथेची गरज होती' हे कारण मला क्वचितच पटते.

हिंसेत मात्र उलट चूक होते. रक्त दिसले की आपण दचकतो. पण ज्या हिंसेत रक्त नाही, वेदना नाही, मेलेल्यांना नावे नाहीत, नायक वीस जणांना लोळवून विनोद करतो आणि मुले टाळ्या वाजवतात, तिच्यापाशी आपण निर्धास्त असतो. दुःख दाखवणाऱ्या हिंसेपेक्षा ही गंमत म्हणून दाखवलेली हिंसा मुलांच्या मनाला जास्त बोथट करते, असे माझे मत आहे.

शिव्यांचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. लहान मुले जे ऐकतात ते बोलतात. मोठ्या मुलाला पात्राची भाषा आणि आपली भाषा यांतला फरक कळतो, तो बोलून दाखवला म्हणजे झाले. देवाचे नाव व्यर्थ घेणे मात्र आपल्या कानांना इतके सवयीचे झाले आहे की शिवी खटकते आणि ते खटकत नाही. हे घरात मुद्दाम लक्षात आणून द्यावे.

सेन्सॉरचे प्रमाणपत्र पाहून ठरवले तर पुरे नाही का?

सुरुवात म्हणून ठीक. ही वर्गवारी सतत बदलत आली आहे, यावरूनच तिची मर्यादा कळते. अमेरिकेत वयोगटांची पद्धत १९६८ मध्ये आली आणि पीजी-१३ (तेरा वर्षांखालील मुलांच्या पालकांना सावध करणारा) हा गट १९८४ साली मध्येच घुसवावा लागला. ब्रिटनमध्ये १२ए हा गट २००२ मध्ये आला. भारतात २०२४ पासून यूए या गटाचे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन भाग झाले.

प्रमाणपत्र काय दाखवले आहे हे सांगते: हिंसा किती, भाषा कशी, नशा आहे का. ती कथा माणसाबद्दल, लग्नाबद्दल, देवाबद्दल काय म्हणते, याच्याशी त्याला घेणे नाही, आणि ते त्याचे कामही नाही. प्रौढांसाठीचा शिक्का असलेला सिनेमा क्षमेविषयीचा असू शकतो, आणि सर्वांसाठी खुला असलेला सिनेमा 'तुझ्या मनाला वाटेल तेच खरे' हे सुरात गाऊन सांगू शकतो.

प्रमाणपत्राबरोबर कारणेही दिलेली असतात, ती वाचा. पालकांसाठी लिहिलेली परीक्षणे वाचा. शंका असेल तर आधी स्वतः पाहा. कंटाळवाणे आहे, पण याला दुसरा उपाय मला तरी सापडलेला नाही.

लहान मुलांच्या बाबतीत नेमके काय सांभाळायचे?

प्रामुख्याने भीती. शाळेत जायच्या आधीच्या वयातली मुले दिसण्याला घाबरतात: विद्रूप चेहरा, मोठा आवाज, अचानक होणारा बदल. तो राक्षस मनाने चांगला आहे हे शेवटी कळून उपयोग होत नाही, कारण ते मूल पहिल्याच दृश्यात अडकलेले असते. जरा मोठे झाले की भीतीचे रूप पालटते. सात-आठ वर्षांच्या पुढची मुले जे खरोखर घडू शकते त्याला घाबरतात: चोर, आग, आईवडिलांचे मरण. 'अरे, ते खोटे असते' हे वाक्य म्हणूनच दोघांनाही पुरत नाही. लहानग्याला कळत नाही आणि मोठ्याला पटत नाही. अशा वेळी जवळ घ्या, दिवा लावा, प्रार्थना करा, आणि समजावणे सकाळवर टाका.

आई किंवा वडील मेलेले असणे ही मुलांच्या चित्रपटांत अगदी नेहमीची सुरुवात आहे. ज्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे, तिथे हे आधी माहीत असलेले बरे.

जादू, चेटकिणी, भुते असलेल्या गोष्टी चालतील का?

इथे देवभीरू कुटुंबांतही मतभेद आहेत आणि ते राहतील. अनुवाद १८ मध्ये चेटूक, शकुन पाहणे आणि मृतांशी संपर्क यांना स्पष्ट मनाई आहे, आणि ती काल्पनिक नाही. परीकथेतली बोलणारी झाडे आणि जादूचा दरवाजा ही वेगळी गोष्ट आहे. तिथे जादू हा त्या कल्पित जगाचा नियम असतो.

मी दोन गोष्टी पाहतो. हे घरी करून पाहण्याजोगे म्हणून दाखवले आहे का? मेणबत्त्या, आकृत्या, मंत्र, आत्म्यांना बोलावणे, जे मुले मैत्रिणींबरोबर 'गंमत म्हणून' करू शकतात, ते आमच्या घरात नको. दुसरे म्हणजे त्या जगात चांगले आणि वाईट यांत खरा फरक आहे, की ज्याची शक्ती जास्त तोच बरोबर? भूतपटांबद्दल एवढेच म्हणतो: ज्याला रात्री झोप लागत नाही त्याने धाडस दाखवायला ते पाहू नयेत, मग तो तेरा वर्षांचा असो की तेहतीसचा.

सिनेमा संपल्यावर मुलांशी बोलायचे म्हणजे काय? आमची मुले 'बरा होता' म्हणून उठून जातात.

कारण त्यांना प्रवचनाचा वास येतो. दिवे लागताच 'यातून आपण काय शिकलो?' असे विचारले की कुठलेही शहाणे मूल पळ काढणारच.

प्रश्न कथेबद्दल विचारा, मुलाबद्दल नको. तुला कोण सर्वांत आवडले? कुणाचा राग आला? शेवट तू वेगळा केला असतास का? पाच-सहा वर्षांच्या मुलाशी एवढेच पुरे. दहा-बारा वर्षांच्या मुलाला त्यापुढे नेता येते: नायकाला नेमके काय हवे होते? ते मिळवण्यासाठी त्याने जे केले ते दुसऱ्या कुणी केले असते तर आपल्याला चालले असते का? दिग्दर्शकाने ते संगीत तिथेच का घातले? या शेवटच्या प्रश्नाची मुलांना फार मजा वाटते. आवाज बंद करून तेच दृश्य पुन्हा दाखवा. आपल्याला कुठे आणि कसे रडवले हे त्यांना स्वतःच दिसते. पारख शिकवण्याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही, आणि त्याला पाच मिनिटे लागतात.

किशोरवयीन मुलांना मोठे प्रश्न झेपतात. या कथेत माणसाचे काय बिघडले आहे? ते कशाने सुधारते: प्रेमाने, पैशाने, सूडाने, स्वतःवर विश्वास ठेवल्याने? तारण कुठून येते? जवळजवळ प्रत्येक कथेला तिचे स्वतःचे पतन आणि स्वतःचा तारणारा असतो. एकदा ते शोधायची सवय लागली की मुले जाहिरातीतही शोधू लागतात.

आणि कधी कधी काहीच विचारू नका. नाथान संदेष्ट्याने दावीदाला गरीब माणसाच्या कोकरीची गोष्ट सांगितली ती दावीदाचा राग उसळेपर्यंत. 'तो मनुष्य तूच आहेस' हे त्याने नंतर म्हटले (२ शमुवेल १२). गोष्टीला तिचे काम करू द्यावे लागते. मूल तीन दिवसांनी, भलत्याच वेळी, स्वतःहून विषय काढते. अनुवाद ६ मध्येही शिकवण्याच्या जागा घरात बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना अशाच सांगितल्या आहेत.

'मी नुसता बघतो, माझ्यावर काही परिणाम होत नाही' असे मोठा मुलगा म्हणतो. त्याला काय सांगावे?

अलिपियाची गोष्ट सांगा. ऑगस्टीनने आपल्या आत्मकथनाच्या सहाव्या भागात ती लिहिली आहे. अलिपिय हा त्याचा मित्र, रोममध्ये कायदा शिकत होता आणि ग्लॅडिएटरांच्या झुंजींची त्याला किळस होती. मित्रांनी ओढून नेले तेव्हा तो म्हणाला, माझे शरीर तिथे न्याल, मन नाही. तो डोळे गच्च मिटून बसला. पण एका क्षणी प्रेक्षकांतून प्रचंड आरोळी उठली, त्याला राहवले नाही, डोळे उघडले. रक्त पाहिले आणि नजर हटेना. पुढे तो स्वतःहून जाऊ लागला, इतरांनाही ओढून नेऊ लागला. याच अलिपियाला देवाने बाहेर काढले आणि तो पुढे बिशप झाला, हेही मुलाला सांगायचे विसरू नका.

गोष्टीतली बारीक जागा अशी की त्याने कान झाकले नव्हते. पडद्यावर काय चालले आहे यापेक्षा शेजारचे सगळे कशावर ओरडत आहेत, याने माणूस लवकर पडतो. मित्रांबरोबर पाहायला बसण्याआधी 'मला नको वाटले तर मी उठेन' हे ठरलेले असावे, आणि उठायची वाटही. मुलाने फोन केला की एकही प्रश्न न विचारता त्याला घ्यायला जायचे, असा करार काही घरांत असतो. तो चांगला करार आहे.

सिनेमा मध्येच बंद केला तर मुले हिरमुसतात. शेवटपर्यंत पाहू द्यावे का?

बंद करा. मुलांवर न चिडता, 'हे मला आपल्यासाठी ठीक वाटत नाही' एवढे सांगून. आईबाबाही एखादी गोष्ट अर्ध्यावर सोडू शकतात हे मुलांना दिसणे मोलाचे आहे. तिकिटाचे पैसे तर कधीच गेलेले असतात.

ख्रिस्ती सिनेमे तरी डोळे झाकून लावावेत ना?

डोळे झाकून काहीच लावू नका. काही ख्रिस्ती चित्रपट मनापासून केलेले आणि उत्तम आहेत. लूकच्या शुभवर्तमानावर आधारलेला १९७९ चा येशूच्या जीवनावरील चित्रपट दोन हजारांहून अधिक भाषांत पोहोचला आहे. पण आपल्या गोटातला म्हणून सगळे माफ, असे होऊ नये. प्रार्थना केली की नोकरी मिळते, सामना जिंकता येतो, आजार पळतो आणि टिंगल करणारा शेजारी शेवटच्या दहा मिनिटांत गुडघे टेकतो, अशा कथा मुलांना ईयोबाच्या पुस्तकासाठी, म्हणजे निर्दोष माणसाच्या दुःखाच्या कथेसाठी, तयार करत नाहीत. खऱ्या आयुष्यात प्रार्थना करूनही आजी गेली, की त्या मुलाचा विश्वास सिनेमामुळे डळमळतो.

बायबलवरच्या चित्रपटांची अडचण वेगळी. त्यांतली दृश्ये डोक्यात शास्त्राची जागा घेतात. पौल दिमिष्काच्या वाटेवर घोड्यावरून पडला असे पुष्कळांना खात्रीने वाटते. प्रेषितांची कृत्ये ९ मध्ये घोडा नाही. बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले मागी लोक तीन होते असे मत्तय सांगत नाही. मग्दालीया मरीया वेश्या होती असे शुभवर्तमानांत कुठेही नाही. ती समजूत पसरली ती मुख्यतः ५९१ साली पोप ग्रेगरी पहिले यांनी केलेल्या एका प्रवचनातून. यावर एक छान खेळ आहे: सिनेमा पाहून झाला की तो अध्याय उघडायचा आणि काय वाढवले, काय गाळले ते शोधायचे. वाढवणे हे नेहमी पापच असते असे नाही, पण ते ओळखता आले पाहिजे.

'सत्यकथेवर आधारित' या पाटीलाही हेच लागू. एरिक लिडेल या स्कॉटिश धावपटूने १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरी रविवारी असल्यामुळे १०० मीटरची शर्यत सोडली आणि ४०० मीटरचे सुवर्णपदक जिंकले. 'चॅरिअट्स ऑफ फायर' या १९८१ च्या चित्रपटात त्याला ही अडचण बोटीवर चढताना कळते. प्रत्यक्षात ती त्याला कित्येक महिने आधी माहीत होती आणि त्याने ४०० मीटरचा सराव केला होता. चित्रपटातले दृश्य जास्त थरारक आहे. मला खरी हकिकत जास्त आवडते, कारण तिच्यात एका क्षणाच्या धाडसापेक्षा महिनोन्‌महिने टिकलेला निश्चय आहे.

'वर्गातल्या सगळ्यांनी पाहिलाय!' याला काय उत्तर द्यायचे?

बहुतेक वेळा सगळ्यांनी पाहिलेला नसतो. पण मुलाचे खरे दुखणे वेगळे असते: मधल्या सुट्टीत सगळे बोलतात आणि आपण गप्प बसतो. ते दुखणे खरे आहे, त्याला हसू नका. कथा काय आहे, लोकांना ती का आवडते, आपण का पाहत नाही, हे मुलाला सांगता येईल इतके बोला. कधी 'एकटा नको, माझ्याबरोबर बघ' हे उत्तर योग्य असते, कधी 'दोन वर्षांनी'. 'नाही' म्हणालात तर कारण सांगा आणि त्या संध्याकाळी दुसरे काहीतरी चांगले करा.

मुलाने मोबाइलवर अश्लील काहीतरी पाहिल्याचे कळले. आता?

आधी आपला आवाज सांभाळा. मुलाने स्वतःहून सांगितले असेल तर ती मोठी गोष्ट आहे, आणि तुमच्या पहिल्या दोन वाक्यांवर तो पुन्हा कधी सांगेल की नाही हे ठरते. पुष्कळदा मूल ते शोधत नव्हते. कुणी दाखवले किंवा भलत्या ठिकाणी बोट पडले. काय पाहिले, कुठे, कुणी दाखवले हे शांतपणे विचारा. एखाद्या मोठ्या माणसाने दाखवले असेल, तर तो शिस्तीचा नव्हे, मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. मंडळीची (चर्चची) किंवा नातेवाइकांची अब्रू मध्ये न आणता त्यावर कारवाई करा.

शरीर ही देवाची निर्मिती आहे, लाज शरीराची नाही, हे मुलाला ऐकू द्या. सवय लागलेल्या मोठ्या मुलाला पश्चात्तापाबरोबर मदतही लागते: रात्री फोन खोलीबाहेर, विश्वासू मोठ्या भावाशी किंवा पाळकांशी नियमित बोलणे, गरज वाटल्यास समुपदेशक. मुलीही यात अडकतात; त्यांच्याशी कुणी बोलतच नाही, म्हणून त्या जास्त एकट्या पडतात.

ओटीटी आणि मोबाइलवर नियंत्रण कसे ठेवावे?

मुलांसाठी वेगळे प्रोफाइल करा, त्याला वयाची मर्यादा लावा आणि मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन घाला. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. एवढ्यानेच रात्रीची कितीतरी भांडणे मिटतात. पडदा बैठकीच्या खोलीत असावा. छोट्या व्हिडिओंची धार मला सिनेमापेक्षा जास्त काळजीची वाटते. सिनेमाला निदान शेवट असतो, तो एकत्र पाहता येतो, त्यावर बोलता येते. अंगठ्याने सरकणाऱ्या त्या रांगेत काय गेले हे मुलालाही सांगता येत नाही.

हे नियम आईवडिलांनाही लागू करा. नाहीतर पालथ्या घड्यावर पाणी.

नको ती दृश्ये वगळणारी साधने वापरावीत का?

वापरायला हरकत नाही. अमेरिकेत तर घरगुती वापरासाठी अशी दृश्ये गाळण्याला २००५ च्या एका कायद्याने मोकळीक दिली आहे. पण दृश्य गेले तरी कथा तीच राहते. विश्वासघाताला प्रेम म्हणणाऱ्या सिनेमातून दोन दृश्ये काढली की उरतो तो विश्वासघाताला प्रेम म्हणणारा, जरा छोटा सिनेमा.

नवऱ्याचे आणि माझे यावर एकमत नाही. मंडळीतली इतर कुटुंबे तर आमच्याहून फारच सैल आहेत.

घरात ज्याचे मन जास्त खटकते त्याच्या बाजूने तूर्त निर्णय घ्या आणि मुलांसमोर वाद घालू नका. आजोळी वेगळे नियम असतील तर आजी-आजोबांना आधीच प्रेमाने सांगून ठेवा.

इतर कुटुंबांसाठी रोमकरांस पत्राचा १४ वा अध्याय आहे. तिथे वाद अन्नाचा आहे: खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये. दोन्ही बाजूंना एकेक आज्ञा आहे. त्यांची मुले तुमच्या घरी आली की त्यांच्या आईवडिलांचा नियम पाळा, तो तुम्हाला अतिरेकी वाटला तरी. दुसऱ्याच्या मुलाला अडखळण होण्याइतका कुठलाच सिनेमा महत्त्वाचा नाही.

टेलिग्रामवर फुकट मिळालेला चांगला ख्रिस्ती सिनेमा मंडळीत दाखवला तर? हेतू तर सुवार्तेचा आहे.

ती चोरी आहे. घरी एकट्याने पाहिला तरी चोरीच, आणि मुलांना नेमके हेच दिसते: बाबा शिवी आली की सिनेमा बंद करतात, पण सिनेमा मात्र उचललेला असतो.

मंडळीत दाखवण्याबद्दल आणखी एक. पैसे भरून घेतलेले ओटीटीचे खाते साधारणपणे घरगुती पाहण्यापुरते असते. सभागृहात लोकांना दाखवायला वेगळी परवानगी लागते, प्रवेश मोफत असला तरी. अनेक ख्रिस्ती निर्माते मंडळ्यांना ती अल्प शुल्कात किंवा विनामूल्य देतात, फक्त विचारावे लागते. परवानगी मिळाल्यावर कुणीतरी एकाने तो सिनेमा आधी पूर्ण पाहावा, नुसता ट्रेलर नव्हे. लहान मुलांची वेगळी सोय करायची की नाही, हेही त्याच वेळी ठरवा.